तुआमोतुच्या अटॉलांमधून शिडाच्या बोटीने: उलट्या हिशोबाचे सव्वीस दिवस

वहिनी बोटीवरून उतरली आणि तिच्या जागी मी चढले, एवढीच या प्रवासाची सुरुवात. दादा-वहिनी चार वर्षं 38 फुटी शिडाच्या बोटीवर राहतात. 2023 च्या एप्रिलमध्ये ते पॅसिफिक ओलांडून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसस बेटांना पोहोचले आणि इकडे भाचीच्या बाळंतपणात गुंतागुंत निघाली. वहिनीने विमान पकडलं. दादा एरवी एकटा बोट नेऊ शकतो, पण पुढचा टप्पा तुआमोतुच्या प्रवाळबेटांचा होता. तिथे एक माणूस सुकाणूवर आणि एक नाळेवर, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकावर, लागतोच. त्याने मला विचारलं. शिडाच्या बोटीवरचा माझा तोवरचा एकूण अनुभव नऊ दिवसांचा, त्यातले दोन उलट्यांचे.

आधी कागदपत्रं, कारण मला सगळ्यात जास्त त्यांनीच रडवलं. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसावर फ्रेंच पॉलिनेशियात जाता येत नाही. अर्ज फ्रान्सच्याच व्हिसा केंद्रात करायचा, पण त्या प्रदेशासाठीचा वेगळा. मी 2 मेला अर्ज दिला. परतीचं तिकीट, विमा, दादाचं निमंत्रणपत्र आणि बोटीच्या नोंदणीची प्रत जोडली. ‘राहण्याचा पत्ता’ या रकान्यात बोटीचं नाव लिहिलं तर खिडकीपलीकडच्या मुलीने कागद परत सरकवला. बोट हा पत्ता होत नाही म्हणे. शेवटी पापीतमधल्या, म्हणजे ताहिती बेटावरच्या तिथल्या राजधानीतल्या, पहिल्या रात्रीच्या गेस्ट हाउसचं बुकिंग लावलं आणि बोटीचा तपशील वेगळ्या पत्रात दिला. पासपोर्ट 19 दिवसांनी हातात आला. ऑकलंडमार्गे जाणार होते, त्यामुळे न्यूझीलंडचा ट्रान्झिट व्हिसाही काढावा लागला, हे तिकीट काढल्यावर कळलं. तुम्ही आधी मार्ग ठरवा, मग तिकीट काढा. विम्यात समुद्रावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का, तेही वाचून घ्या. स्वस्तातल्या विम्यांमध्ये तो बहुतेक नसतो.

11 जूनला पापीतहून मार्केससमधल्या नुकु हिवाला पोहोचले. देशांतर्गतच, पण साडेतीन तासांचं विमान आणि एका बाजूचे सुमारे 33 हजार पॅसिफिक फ्रँक. तेव्हा एक फ्रँक साधारण 75 पैशांना पडत होता. उतरल्यावर घड्याळ अर्धा तास पुढे करावं लागतं, कारण मार्केससची वेळ ताहितीहून तेवढीच वेगळी आहे. दुसऱ्या दिवशी सोमवारी ताइओहाएच्या जांदार्मरीत, म्हणजे पोलिस ठाण्यात, जाऊन खलाशांच्या यादीत वहिनीचं नाव कमी करून माझं घातलं. बोटीवर कोण चढलं आणि कोण उतरलं हे प्रत्येक वेळी कळवावं लागतं. काम वीस मिनिटांचं, त्यासाठीचं बसणं दीड तासाचं. तिथून निघताना रोख पैसे काढून घेतले. पुढच्या बहुतेक बेटांवर पैसे काढण्याचं यंत्र नाही.

मग पाच दिवस नुसती वाट. दक्षिणेकडून जोराचा आग्नेय वारा, ताहितीत ज्याला ‘माराआमु’ म्हणतात तो, येऊन गेल्याशिवाय दादा हलायला तयार नव्हता. त्या पाच दिवसांत मी वहिनीची वही पाठ केली. जाड पुठ्ठ्याची, पाण्याने फुगलेली. पहिल्या पानावर लाल शाईत: ‘सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे. 3 नंतर कुठेही शिरायचं नाही. अंधारात पोहोचलात तर बाहेर थांबा, रात्रभर थांबा.’

तुआमोतु म्हणजे पाऊणशेहून जास्त कंकणद्वीपं, बोलीभाषेत अटॉल. जुना ज्वालामुखी खाली खचत गेला, त्याच्या कडेने वाढणारं प्रवाळ मात्र पृष्ठभागाजवळ राहिलं. त्यामुळे मध्ये खारं सरोवर, म्हणजे लगून, आणि भोवती बांगडीसारखी रीफ. जमिनीची उंची दोन-तीन मीटर. माडांचे शेंडे आठेक मैलांवरून दिसतात, तेही दिवसा. दक्षिणेच्या बाजूला कित्येक ठिकाणी माडही नसतात, नुसती पाण्याच्या पातळीतली रीफ असते. समुद्रतळ बाहेरून इतका सरळ वर येतो, की खोली मोजणारं यंत्र इशारा देईपर्यंत उशीर झालेला असतो. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल 1768 मध्ये इथून गेला आणि त्याने याला ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हटलं. आता जीपीएस आहे, उपग्रहाची छायाचित्रं आहेत, भीती बरीच कमी झाली आहे. बरीच.

17 जूनला सकाळी निघालो. राराॅइआ अटॉल सुमारे 450 सागरी मैल. इथे मला या प्रवासाचा सगळ्यात विचित्र भाग कळला, तो म्हणजे हिशोब शेवटाकडून मांडायचा. लगूनमध्ये शिरायला रीफमध्ये एक फट असते, तिला पास म्हणतात. तिथलं पाणी सुस्त, म्हणजे प्रवाह जवळजवळ थांबलेला, असताना आणि सूर्य वर असतानाच आत जायचं. म्हणजे 21 तारखेला दुपारी बारा ते दोनमध्ये पासच्या तोंडाशी असायला हवं. तिथून मागे मोजत यायचं. तिसऱ्या रात्री वारा छान भरला, बोट साडेसहा नॉटने, म्हणजे तासाला साडेसहा सागरी मैलांनी, पळू लागली, आणि दादा उठून शीड आखडायला लागला.

‘अरे, चाललंय ना मस्त!’ मी म्हटलं.

‘मस्त चाललंय म्हणूनच. असंच गेलो तर पहाटे तीनला रीफवर असू.’

इतकं हळू जाण्यासाठी इतके कष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा केले. अमावास्येच्या आसपासच्या रात्री, तीन-तीन तासांचा पहारा, दर पंधरा मिनिटांनी क्षितिज. पहिले दोन दिवस ओकारी झाली. निघण्याच्या आदल्या रात्रीपासून गोळी घेतली असती तर वाचले असते. निघाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

21 जून, त्या गोलार्धातला सगळ्यात लहान दिवस. साडेअकराला राराॅइआच्या पश्चिमेकडच्या पाससमोर आलो. त्या पासमधून पूर्वेकडे तोंड करून शिरावं लागतं, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत येतो. म्हणून दुपार. माझं काम नाळेवर उभं राहून पाण्याचा रंग वाचण्याचं: गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे सावध, पिवळट-तपकिरी म्हणजे नाही. ध्रुवीकृत काचांचा गॉगल लागतोच, साध्या गॉगलने पाण्यावरची चकाकी जात नाही. माझा एकच होता. तुम्ही दोन न्या, का ते पुढे येईल.

खुणांवरून आमचं पासच्या तोंडाशीच भांडण झालं. मी उजवीकडे हात केला, दादाने बोट उजवीकडे वळवली, आणि मी किंचाळले, कारण मी खडक दाखवत होते. त्याने बोट मागे घेतली, इंजिन सोडून पुढे आला आणि शांतपणे म्हणाला, ‘हात नेहमी जायच्या दिशेला करायचा. खडक मला दाखवू नकोस, मला त्याच्याशी काय करायचंय?’ हे बंदरात असतानाच ठरवायला हवं होतं. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं काही ऐकू येत नाही.

आत मात्र सुखरूप शिरलो. ती रात्र गावासमोर काढली आणि पस्तावलो. पूर्वेचा वारा लगूनच्या पलीकडच्या काठापासून सात-आठ मैल मोकळा येतो, बोट रात्रभर उधळल्यासारखी वरखाली होत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी लगून ओलांडून पूर्वेच्या बाजूला गेलो, तेव्हा पाणी आरशासारखं झालं. लगूनमध्ये तळापासून वर आलेले प्रवाळाचे खांब असतात. खलाशी त्यांना बॉमी म्हणतात. सात मैलांत मी अकरा मोजले. त्यातला एक ढगाची सावली निघाली. सावली सरकते, बॉमी सरकत नाही, हे कळायला अर्धा मिनिट थांबावं लागतं आणि तेवढा वेळ नेहमी असतोच असं नाही.

याच पूर्वेच्या रीफवर 7 ऑगस्ट 1947 ला कोन-टिकी हा बाल्सा लाकडाचा तराफा आदळला होता. पेरूच्या कायाओ बंदरातून निघून 101 दिवसांनी, सहा माणसांसह. जवळच्या बेटावर छोटं स्मारक आहे. तिथे उभं राहून बाहेरच्या लाटा पाहिल्या. ती सहाही माणसं वाचली कशी, हे मला त्या जागी उभं राहूनही कळलं नाही.

नांगराबद्दल दोन शब्द. साखळी नुसती सोडली तर वारा फिरला की ती प्रवाळाभोवती गुंडाळते, प्रवाळही मोडतं. म्हणून साखळीला ठरावीक अंतरावर तरंगे बांधायचे, म्हणजे नांगराजवळचा भाग तळावर आणि बाकीची साखळी प्रवाळाच्या वर तरंगती राहते. मोत्यांच्या सोडून दिलेल्या शेतांतले काळे बोये किनाऱ्यावर वाहून आलेले सापडतात, आमच्याकडचे तिन्ही तसलेच. दहा-बारा मीटर खोलीत पहिला तरंगा साधारण पंधराव्या मीटरला, मग दर सहा मीटरला एक. जागा वाळूची निवडायची आणि नांगर टाकल्यावर मुखवटा लावून पाण्यात उतरून डोळ्यांनी बघायचं.

26 तारखेला माकेमोकडे निघालो. अंतर 75 मैलांच्या आसपास, म्हणजे एक रात्र, तीही हळू. दादाकडे पासच्या प्रवाहाचा अंदाज देणारा संगणकावरचा तक्ता होता. त्यात वारा आणि लाटा भरल्या की तो सुस्त पाण्याची वेळ सांगतो. 27 साठी त्याने सांगितलं: 11.40. शिवाय आदल्या दिवशीच चंद्र अर्धा झाला होता, म्हणजे भांगाचं पाणी, ओढ कमी हवी. आम्ही पावणेअकराला पोहोचलो, खुशीत.

पासमधून पाणी नदीसारखं बाहेर येत होतं. तोंडाशी उभ्या लाटा, मध्ये भोवरे, कडेला गुळगुळीत जिभा. दादाने दुर्बिणीने पाहिलं आणि म्हणाला, ‘पाच नॉट तरी असेल. आपलं इंजिन सहा देतं.’ आम्ही बाहेर चकरा मारायला लागलो. 11.40 झाले. 12.30. एक. काहीच कमी होईना. तीन दिवस दक्षिणेकडून अडीच मीटरच्या लाटा येत होत्या. त्या रीफवरून उसळून लगून भरत राहतात आणि आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला जवळपास पासच तेवढी. समुद्राची भरती-ओहोटी इथे जेमतेम अर्ध्या मीटरची, पण हे लाटांनी भरलेलं पाणी तिचं काही चालू देत नाही. अशा वेळी सुस्त पाणी येतच नाही, प्रवाह फक्त कमी-जास्त होतो. तक्त्यात आम्ही लाटा भरल्या होत्या, पण एका दिवसाच्या. साठलेल्या तीन दिवसांचं पाणी त्याला कुठून माहीत असणार?

या चकरांमध्ये मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. लाटेची नाही, घड्याळाची. सूर्यास्त पाचच्या जरा नंतर आणि वहीत लाल शाईत तीन. आज शिरलो नाही तर दुसरी रात्र बाहेर, आधीच न झोपलेल्या दोन माणसांनी. मला आत जायचं होतं, आणि नेमकं त्याच वेळी आपल्या मतावर विश्वास ठेवू नये, एवढी अक्कल मला तोवर आली होती. मी दादाला म्हटलं, ‘तू ठरव, मी काही बोलणार नाही.’ तो म्हणाला, ‘तीनला बघू. नाही जमलं तर बाहेर राहू. डाळ-भात लाव.’ मी कुकर लावला. झाकण काढायला वाकले तर डोक्यावरचा गॉगल कठड्यावर आदळून पाण्यात गेला.

2.50 ला उभ्या लाटा बसल्या. दादाचा अंदाज तीन नॉट. समोरून येणारा प्रवाह बेताचा असेल तर एका अर्थी बरा, बोट सुकाणूला ऐकते आणि वाटलं तर जागच्या जागी थांबता येतं. मागून ढकलणारा प्रवाह जास्त वाईट. दादाचा गॉगल मी लावला, तो डोळे बारीक करून सुकाणूवर. इंजिन जवळजवळ पूर्ण जोरात, जमिनीच्या हिशोबाने वेग तीन नॉट, किनाऱ्यावरून चालणारा एक पोरगा आमच्या पुढे गेला. मध्यावर भोवऱ्याने नाळ एकदम डावीकडे फेकली, दादाने सावरली. बारा मिनिटं लागली. आत आल्यावर माझे पाय इतके थरथरत होते, की नांगराची कळ दाबायला मी खाली बसले.

माकेमोचं पोहेवा गाव आम्हाला शहर वाटलं. दुकानं, शाळा, आणि दुसऱ्याच दिवशी मालवाहू बोट लागली. बोटीच्या दिवशी जा, सकाळीच जा. भाजी दुपारपर्यंत संपते. बटाटे, गाजर, कोबी आणि अंडी यांचे साडेचार हजार फ्रँक झाले. मार्केससहून आणलेली पपनसं आणि केळी आम्ही शेजारी वाटली. अटॉलवर फळं फारशी होत नाहीत, त्यांचं मोल पैशाहून जास्त. पाणी मात्र गावात मागू नका, ते लोक छपरावरचं पावसाचं पाणी साठवून वापरतात. आमच्याकडे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र होतं. आणि मासा पकडलात तर खाण्याआधी गावातल्या माणसाला दाखवा. रीफवरच्या काही माशांतून सिग्वातेरा नावाची विषबाधा होते, शिजवून ती जात नाही, आणि कुठल्या बाजूचा कुठला मासा चालतो हे त्यांनाच माहीत असतं. ‘मौरुरु’ म्हणजे आभार. मी तो शब्द पोटभर वापरला.

1 जुलैला तहानिया. कायमची वस्ती नाही, दुकान नाही, फोन नाही. गुरुपौर्णिमा तिथे झाली. चांदण्यात लगूनच्या तळाची वाळू दिसत होती. इथे तुआमोतुतच उरलेला एक छोटा, करड्या-तपकिरी रंगाचा चिखलपक्षी आहे. तो माणसाला घाबरत नाही, माझ्या चपलेजवळ येऊन काहीतरी टिपत राहिला. उंदीर पोहोचलेल्या बेटांवरून तो नाहीसा झाला. म्हणून डिंगीतून, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीतून, उतरताना पिशव्या झटकून घ्यायला दादाने लावल्या.

4 तारखेला निघायचं, तर नांगर उठेना. रात्री वारा उलटा फिरून परत आला होता आणि एक तरंगा सुटला होता. त्या एवढ्याशा चुकीने साखळी बॉमीला दोन वेढे देऊन बसली. दादाचा कान दुखत होता, बुडी शक्य नव्हती. मग मी मुखवटा लावून वरून पोहत राहिले आणि साखळी ज्या वाटेने गुंडाळली गेली त्याच्या उलट वाटेने बोट न्यायला हाताने खुणा करत राहिले, ‘जायच्या दिशेला’. घाईत ओढायचं नाही. साखळी सैल करायची, बोट फिरवायची, मग थोडी ओढायची. दोन तास गेले, पासची वेळ गेली. पुन्हा नांगर टाकला आणि एक दिवस आणखी राहिलो. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही.

फाकारावाच्या दक्षिण पासला 6 जुलैला शिरलो, सुस्त पाण्यात, काही न घडता. तिथे गोळा होणाऱ्या शेकडो करड्या रीफ शार्कसाठी जगभरातून पाणबुडे येतात, आणि पौर्णिमेच्या सुमारास हेकरूच्या जातीचे मासे हजारोंनी अंडी घालायला जमतात. आम्ही तीन दिवस उशिरा पोहोचलो, मासे गेले होते, शार्क होत्या. तिथून लगूनच्या आतून खुणांनी आखलेल्या मार्गाने रोटोआव्हा सुमारे 30 मैल, एका दिवसात. हे अटॉल युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रात येतं आणि नांगर कुठे टाकायचा याचे नियम आहेत, आधी विचारून घ्या.

10 ला निघून 12 जुलैला पापीत, 240 मैल. बंदराजवळ विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकासमोरून जाताना रेडिओच्या 12 क्रमांकावर बंदर नियंत्रणाची परवानगी मागावी लागते, कारण डोलकाठी विमानाच्या वाटेत येते. त्यांनी आम्हाला एक विमान उतरेपर्यंत थांबवलं. 14 जुलै सुट्टीचा, म्हणून खलाशांच्या यादीतून माझं नाव काढण्याचे कागद 13 तारखेलाच उरकले. ते राहिले असते तर विमानतळावर मी कशी आले आणि कशी निघाले हे समजावत बसले असते.

माझा एकूण खर्च विमानं, व्हिसे आणि विमा धरून दोन लाख सत्तर हजार रुपये. त्यातला बोटीवरचा, म्हणजे खाणं आणि निम्मं डिझेल, जेमतेम बावीस हजार. गॉगल वेगळा.

15 ला सकाळी सामान भरताना वही परत जागेवर ठेवायला काढली आणि माकेमोच्या पानावर लिहिलं: ‘27 जून. तक्ता 11.40. प्रत्यक्षात 2.50 ला 3 नॉट, बाहेर वाहतं. दक्षिणेच्या लाटा 2.5 मी., तीन दिवस. साठलेले दिवस मोजा.’ संध्याकाळी विमानतळावर वहिनीचा फोन आला. बाळाचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘तरंगा सुटला म्हणे. कितवा?’

‘दुसरा,’ मी म्हटलं. ‘एकविसाव्या मीटरचा.’